कुठेही न गेलेला सिंह

याकुत्स्क, २ जुलै २०१८

दादा,

तीन वर्षांनी तुझ्याकडून काही आलं, तेही चहाच्या डब्यात. शेवाळात गुंडाळलेला एक दात आणि सिगरेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर मोजून सहा शब्द. ‘सिंहाचा आहे. लॅबला दे. कड्यात सापडला.’ पुठ्ठ्यावर बरीच जागा शिल्लक होती. ‘कशी आहेस’ एवढं सहज मावलं असतं.

दात गुहासिंहाचाच आहे. वरचा डावा सुळा, मुळासकट, कुठे तडा नाही. उघडल्यावर मी आधी खुर्चीत बसले. मग मुळाजवळचं भोक दिसलं आणि डोकंच फिरलं. अरे, भोक कशाला पाडलंस? घोड्याच्या केसांची दोरीही तशीच ओवलेली! बाजारात कुणा पर्यटकाच्या गळ्यात बांधायचा होता, की गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून बहिणीची आठवण झाली? तीस हजार वर्षं गोठलेल्या जमिनीने ज्याला ओरखडा पडू दिला नाही, त्याला तू गिरमिट लावलंस.

आणि हातमोजे? नसतीलच. आईच्या वाढदिवसाला आपलं भांडण झालं त्या दिवशीच मी तुला सांगितलं होतं, आमच्या लॅबमध्ये हाडावर कुणी नुसता श्वास सोडला तरी तो पकडला जातो. तू फिस्सकन हसला होतास. म्हणून तर जो जो नमुन्याला हात लावतो त्याच्या गालातली लाळ आम्ही घेऊन ठेवतो. झाडू मारणाऱ्या मावशींचीसुद्धा आहे. माणसाचा डीएनए कुणाचा ते कळलं की तो वगळायचा आणि उरतो तो सिंह. हात लावणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव घातलंय.

त्या दिवशी मी जे बोलले ते मागे घेत नाहीये. तू म्हणालास, ‘बाबा असे पळून जाणारे नव्हते.’ आईच्या तोंडावर, केक कापताना! ज्या माणसाने तिला दोन पोरांसह टाकलं आणि नदीतल्या मालवाहू बार्जवरच्या स्वयंपाकिणीबरोबर दक्षिणेला गेला, त्याचं नाव त्या घरात घ्यायचं नाही हे तुला माहीत होतं. मी म्हटलं, ‘एवढा पुळका असेल तर जा त्याच्याकडेच राहायला.’ आणि तू खरंच उठून गेलास. दर उन्हाळ्यात इंडिगिर्का नदीवर मॅमथचं हस्तिदंत खणत फिरतोस, फोन नाही, काही नाही.

आई बरी आहे. तुझं नाव निघालं की भांडी आपटते, म्हणजे आठवण काढते असं समज. प्रोकोपीकाका दर रविवारी मासे आणून देतात. बाबांच्या त्या जोडीदाराला आपली काळजी आहे, रक्ताच्या माणसांना नसली तरी.

क्युन्नेय


याकुत्स्क, २६ जुलै

दादा,

हे पत्र वाचून तूही खाली बस.

तुझ्या दाताचा निकाल आला. नर सिंह, पूर्वेकडच्या शाखेचा. इथवर ठीक. मग यंत्राने त्याची आमच्याकडच्या सगळ्या सिंहांशी तुलना केली आणि पडद्यावर आलं की हे जनावर आमच्याकडे आधीच आहे. त्याचा भाऊ नव्हे, बाप नव्हे, तोच. खोपडी क्रमांक ११७.

११७ तुला आठवत असेल. सत्याण्णव साली, तो माणूस गेला त्याच शरदात, प्रोकोपीकाकांनी ओलेन्योक नदीवरून आणलेली खोपडी. मी नऊ वर्षांची होते. काका मला हाताला धरून संग्रहालयात घेऊन गेले, काचेपुढे उभं केलं आणि म्हणाले, ‘बघ पोरी, सिंह.’ तिचा डावा सुळा नव्हता. तो कुठे गेला असेल याचा मी महिनाभर विचार करत होते. मी या धंद्यात पडले ती त्या फटीमुळे.

आता ऐक. पूर्वेकडच्या सिंहांची एक शाखा, पश्चिमेकडच्यांची वेगळी. दोन्ही लाखो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या. ओलेन्योक पश्चिमेला आहे, आणि ११७ च्या अंगात रक्त पूर्वेचं. हा हजार किलोमीटर चालून तिथे पोचला कसा? यावर मी पाच वर्षं घासली. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण पूर्ण त्याच्यावर आहे. मी त्याला ‘भटका नर’ असं नाव दिलंय. दोन परिषदांत टाळ्या घेतल्यात त्याच्या नावावर.

आणि आता त्याचा दात तू इंडिगिर्काच्या कड्यातून काढतोस. खोपडी एका नदीवर, दात दुसऱ्या नदीवर, मध्ये हजार किलोमीटर. मेल्यावर सिंह फिरत नाहीत, दादा.

तू खोटं बोलतोयस. दात कुणाकडून घेतलास? कुठल्या कड्यात? खुणेसकट लिही. माझी अख्खी पदवी त्यावर टांगलेली आहे.

क्युन्नेय


याकुत्स्क, ८ ऑगस्ट

दादा,

उत्तर नाही. बरं.

आज वेगळीच फजिती झाली. दात आम्ही धुतला होता, ब्लीचने पुसला होता, वरचा थर खरवडला होता. तरी त्या भोकाच्या आतल्या भुकटीत माणूस सापडला. दोरीबरोबर घाम आत झिरपला असणार. आमच्या प्रमुख अग्राफेना पेत्रोव्ना यादीशी ताडून बघत होत्या. एकदम चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“क्युन्नेय, मास्क नाकाखाली लावायची तुझी सवय अजून गेली नाही वाटतं?”

“मी? मी तर दोन-दोन लावते!”

“मग हे तुझ्या जवळचं रक्त इथे काय करतंय?” आणि मग थोडं थांबून, “नाही, हा पुरुष आहे. घरात पुरुष कोण?”

“भाऊ. त्यानेच पाठवलाय.”

“त्याला सांग, हा दात आहे, दातकोरणं नव्हे.”

सगळी लॅब हसली. मीही हसले, पण कान लाल झाले होते.

खूण इतकी थोडी आहे की जवळचं रक्त याच्यापलीकडे काही सांगता येत नाही. पुन्हा भुकटी काढावी लागेल. सोबत एक नळी पाठवतेय. कापसाची काडी गालाच्या आतून अर्धा मिनिट फिरव, त्याआधी तासभर तंबाखूला हात लावू नकोस. नळी चोकुर्दाखच्या विमानतळावर टपाल बघणाऱ्या फेओदोराकडे दे, ती पुढे पाठवेल. नुसता नियम आहे. तुला वगळायचं, बाकी काही नाही.

क्यु.


याकुत्स्क, ३ सप्टेंबर

दादा,



नळी मिळाली. चिठ्ठी नव्हती, अपेक्षाही नव्हती. दुसऱ्यांदा काढलेल्या भुकटीतून या वेळी भरपूर निघालं. आई-बाप आणि सख्खी भावंडं यांतला फरक यंत्राला स्वच्छ दिसतो. दातावरचा माणूस तू नाहीस. तो तुझा बाप आहे. आणि माझा.

अग्राफेना पेत्रोव्नांनी उठून दार लावलं, स्वतः चहा केला, माझ्यासमोर ठेवला आणि एकही प्रश्न विचारला नाही. चहा मी प्यायले की नाही ते आठवत नाही. जिना उतरताना एक पायरी चुकले आणि गुडघा फोडून घेतला.

म्हणजे बाबा जिवंत आहेत.

बघ, एकवीस वर्षांनी लिहिला हा शब्द. बाबा. ते तिथेच आहेत, आणि तुला माहीत आहे. म्हणून तू दर उन्हाळ्यात जातोस! मी रागात म्हटलं ‘त्याच्याकडेच राहायला जा’ आणि तू खरंच त्यांच्याकडे गेलास. बसून दाताला भोकं पाडताय दोघं? आईने त्यांचे सगळे फोटो चुलीत घातले, मी बाजूला उभी राहून बघत होते, आणि शेवटचा जळत नव्हता म्हणून मीच काडीने आत ढकलला. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आणि ते तिकडे मजेत आहेत!

त्यांना माझा निरोप दे. नको, निरोप नको. फक्त विचार की ती स्वयंपाकीण अजून आहे का.

दादा, ते कसे दिसतात? आईला सांगणार नाही. मला एकटीला सांग. मला त्यांचा चेहरा आठवत नाही, नुसता कोटाचा वास आठवतो.

उद्या प्रोकोपीकाकांना धरते. खोपडी आणि दात एकाच सिंहाचे, म्हणजे जमिनीतून सिंह निघाला तेव्हा बाबा आणि ते एकत्र होते. ‘मी तर ओलेन्योकला होतो, गाव्रिल इंडिगिर्कावरून कधी गेला ते ऐकूनच कळलं’ असं काका सांगत आले. त्यांनाही सगळं माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे, आम्ही दोघी बायका तेवढ्या मूर्ख.

क्युन्नेय


याकुत्स्क, ५ सप्टेंबर

दादा,

परवाचं पत्र परत घेता आलं असतं तर किती बरं झालं असतं. विमान गेलंय.

काल काकांच्या अंगणात गेले. हिवाळ्यासाठी मासे तळघरात उतरवायचे होते. जावई खाली आणि काका वर बादली धरून. तुझ्या कधी लक्षात आलं होतं? स्वतःच्याच घरचं बर्फाचं तळघर, पण ते कधी खाली उतरत नाहीत. गुडघे दुखतात म्हणतात. ज्या गुडघ्यांनी मैलोन्‌मैल शिकार करतात तेच गुडघे.

जावई घरात गेल्यावर मी सरळ विचारलं, “काका, बाबा कुठे राहतात?”

“कोण?”

“नाटकं पुरे. तुमच्या खोपडीचा दात सापडलाय. त्यावर बाबांचा घाम आहे. तुम्ही दोघं एकाच कड्यावर होतात. ओलेन्योकला तुम्ही कधी गेलाच नव्हतात.”

त्यांनी बादली खाली ठेवली. “दात कुणाला सापडला?”

“दादाला. इंडिगिर्कावर.”

“गळ्यात होता का?”

“कुणाच्या गळ्यात?” मी विचारलं. माझेच शब्द माझ्या कानावर पडले आणि सगळं कळलं. मी तळघराच्या झाकणावर बसले.

ते उभ्यानेच बोलत होते. माझ्याकडे बघत नव्हते.

“तू त्याला सांगितलं होतंस, सिंहाचा दात आण. खोपडी निघाली तसा त्याने सुळा काढून घेतला. म्हणाला, खोपडी संग्रहालयाची, दात माझ्या चिमणीचा. संध्याकाळी बसून भोक पाडलं. हरवू नये म्हणून स्वतःच्या गळ्यात घातला. रोज मला विचारायचा, प्रोकोपी, नऊ वर्षांच्या मानेला एवढी दोरी मोठी होईल का रे?”

“मग?”

“आणखी आत बोगदा खणला. मी खोपडी धुवायला पाण्यावर आलो होतो. छत बसलं. आवाजसुद्धा मोठा झाला नाही पोरी, पिठाचं पोतं टाकल्यासारखा. दोन दिवस खणलं मी. हाताची नखं गेली. मग भीती वाटली. परवाना नाही, साक्षीदार नाही. म्हणतील, हस्तिदंतासाठी जोडीदाराला मारलं.”

“आणि ती बाई?”

“तुझ्या आईने दारातच विचारलं, गाव्रिल कुठाय? मला सांगता येईना. म्हटलं, मी ओलेन्योकला होतो, ऐकलंय की बार्जवर चढला. तिने विचारलं, कुणाबरोबर? तिनेच विचारलं, ‘कुणाबरोबर’. मी त्या स्वयंपाकिणीचं नाव घेतलं. वाटलं, रागावलेली बाई जगते, रडणारी जगत नाही.”

वर म्हणतात, तुम्हाला कधी काही कमी पडू दिलं का? शाळेचे बूट, माझी फी, दर रविवारचा मासा. कड्याचा पत्ता लागू नये म्हणून संग्रहालयाच्या चिठ्ठीवर ओलेन्योक लिहिलं, आणि त्या एका खोट्या नदीवर मी पाच वर्षं सिंहाला चालवत बसले.

मी बादली उचलून उलटी केली. मासे चिखलात पसरले. एवढंच मला सुचलं. लाज वाटते.

दादा, तो दात माझा होता. आणि मी तो दोनदा कोरला. माझ्याच भेटवस्तूची भुकटी करून नळीत घातली आणि वर तुला शिव्या घातल्या.

तू त्यांना पाहिलंस ना? मी काय काय बोलले तुला. लिही काहीतरी. सहा शब्द लिही.

क्युन्नेय


खारा-ताला कडा, १२ सप्टेंबर

क्युन्नेय,

तुझी दोन्ही पत्रं एकाच बोटीने आली. उलट्या क्रमाने वाचली. बरं झालं.

जूनमध्ये कडा फोडायच्या आमच्या पंपाच्या पाण्याने जुना बोगदा फुटला. बर्फात एक खांदा दिसत होता, एक हात आणि मानेवरची दोरी. चेहरा भिंतीकडे. उन्हाळ्यात खणलं असतं तर वरचं सगळं खाली आलं असतं. हात बाबांचा वाटला. पण तीन वर्षं जे शोधतोय ते कुठेही दिसतं. मागच्या वर्षी एका ओंडक्याला बाबा समजलो होतो.

हो, शोधतच होतो. हस्तिदंत निघालं तर निघालं. तुम्हाला तसं वाटत होतं, वाटू दिलं.

लिहिता आलं नाही. जमिनीने ज्याला धरलंय त्याचं नाव तो बाहेर येईपर्यंत घ्यायचं नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं. आणि दुसराच कुणी निघाला असता तर? आईला एकदा टाकून गेलेत ते पुरे. तू म्हणाली होतीस, श्वास सोडला तरी पकडतो. म्हटलं, पकड. दोरीची गाठ सोडवली आणि तिथे पाच निळे मणी ठेवले. जमिनीकडून घेतलं तर द्यावं लागतं.

तुझं पत्र आल्यावर खणलं. आता थंडी पडलीय, भिंत घट्ट आहे. चेहऱ्यापर्यंत पोचलो. काही झालेलं नाही चेहऱ्याला. दोन दिवसांची दाढी आहे. तू विचारलंस ना कसे दिसतात.

माझ्यापेक्षा लहान आहेत, क्युन्नेय. ते सदतीस, मी अडतीस. तोंडातून ‘बाबा’ निघेना. मग मी टोपी काढली आणि खाली बसून राहिलो.

पोलिसांना कळवलंय. महिनाअखेरीस बाहेर काढू. आईला सांगायचं काम तू कर. मला जमणार नाही.

एर्चिम


याकुत्स्क, २१ सप्टेंबर

दादा,

सांगितलं. म्हणजे मला सांगावंच लागलं नाही.

रविवारी मी आईसमोर बसून कशी सुरुवात करावी याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात दार वाजलं. प्रोकोपीकाका, आणि हातात मासा नाही. आईने आधी तेच विचारलं, “आज रिकाम्या हाताने?” ते उंबऱ्यातच उभे राहून बोलले, मला सांगितलं तेवढंच, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. मला वाटलं आई किंचाळेल, सुरी हातात होती. तिने सुरी धुतली, पुसली, खणात ठेवली. मग खुंटीवरची त्यांची टोपी काढून त्यांच्या हातात दिली. ते गेले. पुन्हा येतील असं वाटत नाही.

मग ती बराच वेळ एकच वाक्य बोलत होती. “त्याच्या हातचं खाल्लं मी, एकवीस वर्षं.” मी तिचा हात धरला तर तिने सोडवून घेतला. “आणि गाव्रिलला शिव्या घातल्या. रोज. त्या बाईलाही घातल्या. तिचं तर मी तोंडसुद्धा पाहिलेलं नाही, कुठे असेल बिचारी.”

मी तुझं पत्र वाचून दाखवलं. दाढीपाशी तिने मला थांबवलं. “दाढीचा कंटाळा होता मेल्याला,” म्हणाली, आणि तिथे ती रडली, दादा. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडले. शेवटचा फोटो मी आत ढकलला होता ते तिला सांगितलं. ती म्हणाली, “मला माहीत होतं. मी बघत होते.”

अग्राफेना पेत्रोव्नांनी ११७ ची चिठ्ठी बदलायला मला दिली. मी लिहिलं: इंडिगिर्का, खारा-ताला कडा. शोधणारे, गाव्रिल नोगोवित्सिन. चौथं प्रकरण गेलं. भटका नर कधी भटकला नव्हता. जिथे त्याची शाखा, तिथेच तो मेला, आणि आम्ही मात्र शहाण्यासारखे नकाशावर बाण काढत बसलो. बाबाही कुठे गेले नव्हते. नमुना म्हणून दात कायमचा लॅबचा आहे, पण दोरी मला दिलीय. मानेला मोठी होते. मी तशीच घालते.

आम्ही दोघी पंचवीस तारखेच्या विमानाने येतो. आईचे निरोप आहेत, जसेच्या तसे लिहिते. ‘त्याला शेकोटीजवळ ठेवू नका. उघडा ठेवू नका, पांघरूण घाला आणि कडा खाली खोचा, तो झोपेत लाथाडतो. पोराला म्हणावं, नीट जेव.’

काल ती मला विचारत होती, “किती वर्षांचा दिसतो म्हणाला एर्चिम?” मी म्हटलं, “सदतीस.” ती शेजारच्या खिडकीच्या काचेत बघत राहिली.

आज मी लॅबमधून घरी आले तर न्हाणीत रंगाचा वास होता. आईने केस काळे करून घेतलेत. मी काही बोलले नाही. तूही काही बोलू नकोस.

तुझी क्युन्नेय